गब्रू आणि अड्याळची गाडी

एकवीस वर्षं मी श्वानपथकात कुत्रे सांभाळले. सांगण्यासारखा एकही किस्सा जमला नाही. तिथले कुत्रे ऐकायचे ना! ‘बस’ म्हटलं की बसायचे, ‘हुंग’ म्हटलं की हुंगायचे. यातून किस्सा कुठून निघणार? निवृत्त होऊन आंधळगावला घरी आलो, लोक आपापली घरची कुत्री घेऊन दारात उभे राहू लागले, आणि मग किस्सेच किस्से! तेव्हा मला कळलं की किस्से कुत्र्यांचे नसतातच. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस असतो, त्याचे असतात.

त्यातले बरेचसे एकट्या गब्रूच्या खात्यात जातात. गब्रू म्हणजे आमच्या गल्लीतल्या विलासचा कुत्रा. विलास हातमागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतो. त्याची मुलगी परी चौथीत आहे, आणि कुत्रा कागदोपत्री नसला तरी तिचाच. रंग तांबडा, कान एक उभा, एक पडका. गुन्हे तीन. खाऊ घेऊन जाणाऱ्या पोरांच्या अंगावर उड्या मारणे. चाक दिसलं की त्यामागे धावणे. आणि रोज सकाळी न चुकता भिंत ओलांडून शेजारच्या शेवंताबाईंच्या अंगणात उतरणे!

शेवंताबाई एका सकाळी माझ्या दारात आल्या. बाई बोलायला लागल्या की मी अजूनही सावधान उभा राहतो.

“हवालदार भाऊजी, तान्ह्या पोळ्यापर्यंत वाट पाहीन मी. त्या दिवशी माहा भाऊ अड्याळवरून गाडी घेऊन येते. तोपर्यंत हा सुधरला तं ठीक. नाई तं गाडीत टाकून अड्याळले! बसंन मंग धानाच्या बांधीवर राखन करत!”

मागे त्यांचे यजमान दशरथजी उभे होते. ते बाईंपेक्षाही मोठ्यानं म्हणाले, “हाकलाच त्याले! लय तरास हाय!”

आरडाओरडा ऐकून विलासही आला होता, परी त्याच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. दीड महिना हातात होता. मी म्हटलं, “उद्यापासून आणा त्याला.”

* * *

पहिली अडचण भाषेची निघाली.

विलास त्याला “सिट!” म्हणायचा. बायको “बैठ जा!” म्हणायची. परी नुसतं बोट दाखवायची. आणि विलासची आई म्हणायची, “बस नं बापू, कायले उभा हायेस?” बिचारा गब्रू चौघांकडे आळीपाळीनं बघून शेवटी जांभई द्यायचा.

मी नियम केला. एक घर, एक शब्द! घरात मतदान घ्या आणि कळवा. दुसऱ्या दिवशी निकाल आला. विलासची आई बिनविरोध!

आठवड्याभरात “बस नं बापू” म्हटलं की गब्रू टेकायचा आणि बिस्किटासाठी मान वर करायचा. मीही खूश. मग एकदा विलासच्या बहिणीला बघायला पाहुणे आले. मुलगा दारात बुजून उभा. विलासची आई प्रेमानं म्हणाली, “बस नं बापू.”

दोघंही बसले, शेजारी शेजारी. आईनं बशी पुढे केली तेव्हा पहिलं बिस्कीट कुणी उचललं हे सांगायला नको. मुलाचे वडील मात्र भारावले. म्हणाले, “ज्या घरचा कुत्रा इतका शिस्तीत हाय, तिथली पोरगी पाहाची गरजच नाई!”

लग्न झालंही.

* * *

बिस्किटाचं तंत्र मी फार समजावून सांगितलं होतं. चांगलं वागला की लगेच द्यायचं, उगाच नाही. विलासनं “द्यायचं” तेवढं ध्यानात ठेवलं.

तो मागावर बसला की गब्रू खाली पायाशी झोपलेला. खटखट थांबली की विलास उठणार, चहा घेणार, बिस्कीट बुडवणार आणि अर्धं खाली टाकणार. गब्रूनं याचा हिशेब आपल्या डोक्यानं लावला. माग थांबला की भुंकायचं! विलास उठेपर्यंत भुंकायचं.

एक दिवस साडीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. “विलास, लग्नाची साडी हाय, काम चालू हाय नं?”

“चालूच तं हाय शेठजी! हे काय, मागावरच बसून हावो!”

मागे गब्रू जीव तोडून भुंकत होता.

शेठजी कधीतरी विलासच्या घरी येऊन गेले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, “बापू, फोन जरा कुत्र्याजवळ दे. त्याच्याशीच बोलतो.”

* * *

माझी कीर्ती चिखल्यापर्यंत गेली ती भाच्यामुळे. धनराज तिथल्या मँगनीजच्या खाणीत आहे, राहतो कॉलनीत. बायकोनं कुत्र्याचं पिल्लू आणलं. ते धनराजला रोज बघायचं ते ड्युटीवर जाता-येता, पिवळं हेल्मेट घातलेलं. सुटीच्या दिवशी हा उघड्या डोक्यानं भाजी घेऊन आला, तर पिल्लू दारात आडवं!

“मामाजी, माह्याच घरात मले घुसू देऊन नाई राहिलं! कॉलनी हासून राहिली!”

मी सांगितलं, “हेल्मेट घालून घरात जा. त्याच्यासमोर हळूच काढ. मग खायला दे. आठ दिवस कर.”

पंधरा दिवसांनी भाचेसुनेचा फोन. “मामाजी, पिल्लू समजलं. पन आता तुमचे भाचेच हेल्मेट घालून जेवाले बसतेत. म्हनतेत, रिस्क कायले घ्याची!”

धनराजच्या मेहुणीच्या साखरपुड्याचा फोटो माझ्याकडे आहे. मागच्या रांगेत एक पिवळं हेल्मेट दिसतं.

* * *

पोरांच्या अंगावर उड्या मारण्याचा इलाज सोपा असतो, पण तो कुत्र्यावर नाही, पोरांवर करावा लागतो. पोरं ओरडतात, पळतात, हात वर करतात. कुत्र्याला वाटतं खेळ सुरू झाला. म्हणून मी गल्लीतली झाडून सगळी पोरं रांगेत उभी केली. “गब्रू आला की झाड व्हायचं! हाताची घडी, नजर आभाळात, तोंड बंद. तो शांत होईपर्यंत हलायचं नाही. झाडाशी कोणी खेळत नाही!”

परी माझी इन्स्पेक्टर. जो हलेल त्याला ती पुन्हा उभा करायची. तीन आठवड्यांत गब्रू उड्या मारायचं विसरला. पोरांनी भाकरीचा तुकडा हातात धरला तरी खाली बसून वाट पाहायचा. मला एकदम बरं वाटलं.

मग शाळेतले मास्तर माझ्या घरी आले, घाम पुसत.

“हवालदार, तुमी पोरायले काय शिकवलं? गृहपाठ काहून नाई केला म्हनून इचारलं, तं अर्धा वर्ग हाताची घडी घालून आभाळात पाहाले लागला!”

“मग?”

“मंग काय! मी शांत होईपर्यंत कोनी हललं नाई!”

आमच्या सौ. हे आतून ऐकत होत्या. तेव्हापासून मी आवाज चढवला की त्या हातातला झारा खाली ठेवतात, हाताची घडी घालतात आणि छताकडे बघतात. एकवीस वर्षं मी इतरांना शिकवलं, पण मला ताळ्यावर आणणारी ही पहिलीच.

* * *

चाकांचा प्रश्न जास्त गंभीर. कारण तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, पोरांच्या बैलांचा. लाकडाचे बैल, पायांना चाकं, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड. गावातलं प्रत्येक पोर आपला बैल दोरीनं ओढत देवळासमोर आणतं, आणि नंतर घरोघर फिरतं. म्हणजे गब्रूच्या नजरेनं बघा, एका जागी पाच-पन्नास बैल आणि दोनशे चाकं!

मी परीचा बैल आधी लांबून चालवला. गब्रू नुसता बसला की बिस्कीट. मग जवळून. मग दोन बैल. मग पोरं पळवत. परीनं त्याला रोज शाळेआधी आणि शाळेनंतर बसवला. पाऊस असला तर ओसरीत. शेवटी असं झालं की चाक दिसलं की गब्रू बसलाच!

कुठेही, हां. सायकल दिसली, बसला. दुधाची मोटरसायकल दिसली, बसला. एका सकाळी कचऱ्याची घंटागाडी आली, तर हा भर रस्त्यात गाडीच्या पुढे बसून ड्रायव्हरकडे बिस्किटाच्या आशेनं बघतोय! हॉर्न वाजतोय, मागे ट्रॅक्टर अडकलाय, ट्रॅक्टरलाही चाकं, त्यामुळे गब्रू आणखीनच नीट बसला.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “काकाजी, याले उठवाचं बी शिकवा नं जरा!”

खरं सांगतो, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

* * *

दोन गुन्हे सुटले, तिसरा सुटेना.

रोज सकाळी आठाच्या सुमाराला दशरथजी दोनदा मोठ्यानं खाकरायचे. गल्ली त्यावर घड्याळ लावायची. त्यानंतर थोड्या वेळानं शेवंताबाईंचा आरडाओरडा ऐकू यायचा, “आला पाहा मेला! आंगनात आला!” मी भिंतीवर लिंबाची सालं ठेवली. विलासनं बोरीच्या काट्या लावल्या. काट्या जिथे संपायच्या, गब्रू तिथून जायचा.

माझा अनुभव सांगतो, कुत्रा एखादी गोष्ट रोज करतो म्हणजे त्याला तिथे रोज काहीतरी मिळतं. मी शेवंताबाईंना विचारलं, “वहिनी, त्याला कोणी काही घालतं का?”

“शीतही नाई घालत मी! माह्या मागं ह्यायच्या शुगरचा घोर हाय, मी कुत्र्याले कवा घालू?” त्यांनी दशरथजींकडे हात केला. “डॉक्टरनं सांगतलं तशी रोज मेथीची भाकर करून देतो, कारल्याची भाजी देतो. बिचारे आंगनात बसून मुकाट खातेत. ताट तं असं साफ की घासाचं काम नाई! तरी शुगर उतरून नाई राहिली. दोन डॉक्टर बदलले!”

“मेथी गुनाची हाय,” दशरथजी गंभीरपणे म्हणाले, आणि रोजच्यासारखे पेपर वाचायला चौकातल्या आलुबोंड्याच्या हॉटेलात निघून गेले.

तान्हा पोळा चार दिवसांवर आला होता. परीनं मला विचारलं, “आबाजी, अड्याळ किती दूर हाय? सायकलनं जाता येते का?” मी म्हटलं, “बैल आण, अजून एकदा बसवू त्याला.”

* * *

तान्ह्या पोळ्याला देवळासमोर तोरण बांधलं. पोरं रांगेत उभी राहिली. कुणी शंकर झालेला, कुणी शेतकरी. शेवंताबाई बैलांच्या पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या, आणि सजावटीचे पंच म्हणून दशरथजी फेटा बांधून खुर्चीवर. मागे अड्याळची पिकअप येऊन थांबली. शेवंताबाईंचा भाऊ उतरला. त्याच्या हातात दोरी होती.

परी आपला बैल धरून रांगेच्या शेवटी, शेजारी गब्रू. 

“बस नं बापू,” ती म्हणाली. गब्रू बसला.

बैल निघाले. खडखड, छुमछुम, गब्रूच्या नाकासमोरून सगळे गेले. तो हलला नाही. एका शंकरानं त्याच्या पडक्या कानाला धरून ओढलं, तरी हलला नाही. एकाचा बैल उलटून चाक निसटलं आणि घरंगळत थेट त्याच्या पंजाशी आलं. गब्रूनं चाकाकडे पाहिलं, परीकडे पाहिलं, आणि आणखी ताठ बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! परी हसली, दीड महिन्यात पहिल्यांदा.

शेवंताबाईसुद्धा नरमल्या. “इतका शहाना हाय, तं माह्याच आंगनात काहून येते बाप्पा?”

तेवढ्यात प्रसादाची जिलबी वाटायला सुरुवात झाली. दशरथजींचा हात पुढे जायच्या आत शेवंताबाईंनी पिशवीतून डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मेथीची भाकर! सगळं गाव बघत होतं. दशरथजींनी निमूटपणे डबा उघडला.

आणि सवयीनं दोनदा खाकरले.

दोनशे चाकांना न हललेला गब्रू उठला. बैलांच्या मधून वाट काढत, कुणालाही न चाटता, न भुंकता तो सरळ खुर्चीपर्यंत गेला, दशरथजींच्या पुढ्यात बसला, हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली आणि तोंड उघडलं.

“हट! कोनाचा कुत्रा हाय हा?” दशरथजी ओरडले.

गब्रूनं उजवा पंजा उचलून त्यांच्या हातात दिला. हे मी शिकवलं नव्हतं. परीनंही नाही.

शेवंताबाई सावकाश पुढे आल्या. डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी गब्रूपुढे धरला. त्यानं तो नेहमीच्या सवयीनं, अगदी चवीनं खाल्ला आणि डब्याकडे पाहिलं.

“किती दिवसापासून?” बाईंनी विचारलं. कुत्र्याला नाही.

दशरथजी उठून उभे राहिले. त्यांनी हाताची घडी घातली, नजर आभाळात लावली, तोंड बंद केलं.

शेवंताबाईंनी थोडा वेळ त्या झाडाकडे पाहिलं. मग भावाच्या हातातली दोरी काढून परीच्या हातात दिली, नवऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “गाडी रिकामी नको नेऊ रे भाऊ. कुत्रा राहू दे. ह्यायलेच बसव!”

आणि भावानं खरंच गाडीचा मागचा फाळका पाडला.