साल्वूने केलेली माती

तू एका झाडाला खाऊ घालून मारतो आहेस, असं साल्वू बुआजारला साठीच्या आत कोणी सांगितलं असतं तर तो हसला असता. त्याला ते सांगितलं गेलं एकसष्टाव्या वर्षी, आणि तेव्हा त्याला हसू आलं नाही.

साल्वू मूळचा गोझो बेटावरचा. तिथे दगड हवा तेवढा, पण माती जपून वापरायची. घर बांधायचं झालं तर आधी त्या जागेवरची माती उचलून कोणाच्या तरी शेतात न्यायची आणि मगच पाया खणायचा, अशी तिथली रीत, आणि कायदाही तसाच. साल्वूच्या वडिलांनी खडकातल्या एका खळग्यात टोपल्यांनी माती वाहून खोलीएवढं शेत केलं होतं. त्याला चार वर्षं लागली. त्या टोपल्यांतल्या निम्म्या साल्वूने डोक्यावर वाहिल्या होत्या. बटाट्याचं पहिलं पीक निघालं त्या दिवशी वडिलांनी शेजाऱ्यांना बोलावून बटाटे नव्हे, माती दाखवली होती.

एकोणीसशे सदुसष्ट साली, एकोणिसाव्या वर्षी, तो बोटीने सिडनीला उतरला. रेल्वेच्या दुरुस्ती शेडमध्ये फिटर म्हणून लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. कार्मेनाही गोझोचीच. लग्नानंतर काही वर्षं दोघांनी भाड्याच्या घरांत काढली आणि त्र्याऐंशी साली सिडनीच्या टोकाला, बेरोरा या उपनगरात, रस्ता जिथे संपतो तिथलं शेवटचं घर घेतलं. मागच्या कुंपणापलीकडे जंगल होतं आणि ते उतरत उतरत घळीत जात होतं. घर बघायला आलेले बाकीचे लोक त्या हिरव्या दरीकडे बघत राहिले होते. साल्वूने कुंपण ओलांडून मूठभर माती उचलली. राखाडी रंगाची वाळू होती. बोटांच्या फटींतून सगळी गळून गेली.

संध्याकाळी तो कार्मेनाला म्हणाला की या झाडांना कोणी वालीच दिसत नाही.

त्या आठवड्यापासून त्याने ते काम अंगावर घेतलं. स्वयंपाकघरातली सालं, गवत कापल्यावर निघालेली कात्रणं, खुराड्यातली कोंबड्यांची विष्ठा, माशांचे काटे, सगळं एका ढिगात जायचं. ढीग महिन्याला एकदा उलटवायचा. सहा-सात महिन्यांत काळीभोर, मऊ, सुवासिक माती तयार झाली की फावड्याने कुंपणापलीकडे पसरायची. दर हिवाळ्याआधी एक थर, आणि थर वीतभर जाडीचा. कुंपणाला लागून उतारावर बँक्सियाची सात जुनी झाडं होती. वेडीवाकडी खोडं, खवल्यांसारखी साल, करवतीच्या दातांसारखी पानं. साल्वूचा त्यांच्यावर जीव जडला होता. पहिलं फावडं त्यांच्या बुंध्यांशी रिकामं व्हायचं.

पहिली काही वर्षं सगळं हिरवंगार झालं. प्रिव्हेटची झुडपं माणसाच्या उंचीची झाली, घाणेरी फोफावली, जमिनीवर लोळणाऱ्या एका वेलीने वाळू पार झाकून टाकली. साल्वू पाहुण्यांना कुंपणाशी नेऊन ते दाखवायचा.

पण बँक्सियाची पानं पिवळी पडू लागली. मग कडांनी करपली. साल्वूने निदान केलं की झाड उपाशी आहे. त्याने थर दुप्पट केला. शहाण्णव साली पहिलं झाड वठलं, त्यानंतर दोन वर्षांनी दुसरं. दर झाडामागे तो राहिलेल्यांना जास्त घालू लागला. दोन हजार नऊ साली एकच झाड उरलं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचं, आणि त्याच्याही पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या होत्या.

मधल्या काळात नगरपालिकेने घळीच्या तोंडाशी पाटी लावली होती की बागेतला कचरा जंगलात टाकू नये. साल्वूला ती पाटी फार आवडली. पलीकडच्या घरातल्या एकाला त्याने त्या पाटीवरून सुनावलंही होतं, कारण तो माणूस कापलेलं गवत तसंच फेकायचा. आपण कचरा टाकतो असं साल्वूच्या मनातही आलं नाही. तो माती टाकत होता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने ठरवलं की आता शनिवारच्या मंडळींत जायचं. वस्तीतली आठ-दहा माणसं शनिवारी सकाळी घळीत जमून तण काढायची. त्यांची म्होरकी व्हॉनी हॅस्केट. सत्तरीची, काटकुळी बाई, डोक्यावर गवती हॅट. शाळेच्या कॅन्टीनमध्ये उभा जन्म काढलेला, आणि गेली वीस वर्षं शनिवारची सकाळ त्या उतारावर गुडघे टेकून. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून साल्वूने एकचाकी गाडी भरून उत्तम मुरलेलं कोंबडखत बरोबर घेतलं. गाडी रस्त्याने फिरवत, पायवाटेने उतरवत, घामाघूम होऊन तो पोचला आणि म्हणाला की ही माझ्याकडून जंगलाला भेट.

कोणी हातमोजे नीट करू लागलं, कोणी आपल्याच बुटांकडे बघू लागलं. व्हॉनीने गाडीत हात घातला, खत हुंगलं आणि छान मुरलंय म्हणाली. मग विचारलं, "राहतोस कुठे तू?"

साल्वूने वर बोट दाखवलं. ती त्याच्या कुंपणापर्यंत चढून गेली. साल्वू मागोमाग. तिथून तिने एक मूठ माती उचलली. मग ती आडवी चालत निघाली, चाळीसेक पावलं, जिथे घाणेरी संपून मूळचं जंगल सुरू होत होतं तिथपर्यंत. तिथली एक मूठ तिने दुसऱ्या हातात घेतली आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. एकात काळी माती, दुसऱ्यात राखाडी वाळू.

"यातली चांगली कुठली?"

"हे काय विचारणं झालं? काळी."

"तुझ्या टोमॅटोला काळी. या जंगलाला ही." तिने वाळूचा हात पुढे केला. "ही माती उपाशी आहे, साल्वू, आणि इथली झाडं त्या उपासावरच घडलेली आहेत. बँक्सियाची मुळं कणाकणाने अन्न शोधतात आणि दिसेल ते सगळं शोषून घेतात. पुरे म्हणायला ती कधी शिकलीच नाहीत, कारण तशी वेळच आली नाही. तुझ्या खताने त्यांना विष बाधलं. आणि जे तण एरवी या वाळूत चार दिवस तगलं नसतं, त्याला तू पंगतीला बसवलंस."

साल्वू बराच वेळ त्या दोन मुठींकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "सातही?"

"सहा," व्हॉनी म्हणाली. "सातवं अजून उभं आहे."

घरी आल्यावर दोन दिवस तो फारसं बोलला नाही. कार्मेनाने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली की सव्वीस वर्षं माझ्या भाज्यांची सालं एक-एक मोजून मागून घेत होतास, आणि ती सगळी विषासाठी होय. नंतर तिलाच वाईट वाटलं असावं, कारण रात्री तिने न मागता त्याच्या आवडीचा सशाचा रस्सा केला. साल्वू जेवला नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे खिडकीसमोरचं झाड.

तिसऱ्या दिवशी तो व्हॉनीच्या दारात उभा राहिला. विचारलं की घातलेलं काढता येतं का. तिने काही लपवलं नाही. म्हणाली की वरच्या दोनशे घरांच्या छपरांचं पाणी, गाड्या धुतल्याचा साबण, हिरवळीवरचं खत आणि कुत्र्यांची घाण, सगळं पावसाळी गटाराच्या पाइपातून याच घळीत येतं. ते तू आणलेलं नाहीस आणि ते थांबवणं माझ्याही हातात नाही. पण तुझ्या कुंपणाखालचे थर तुझे आहेत. राखाडी वाळू लागेपर्यंत ते काढता येतील. काढूनही झाड जगेलच असं नाही, तेवढं मनाशी धरून काम करायचं असेल तर कर.

साल्वूने ते मनाशी धरलं.

दोन हिवाळे तो आणि शनिवारची मंडळी ती माती काढत होती. व्हॉनीची पद्धत ठरलेली. चांगल्या जंगलाच्या बाजूने सुरुवात करायची आणि बिघडलेल्या बाजूकडे हातभर हातभर सरकायचं. साल्वूला हे पटत नव्हतं. फिटर माणूस, जिथे जास्त बिघाड तिथे आधी हात घालायचा. एकदा तो एकटाच घाणेरीच्या मधोमध फावडं घेऊन शिरला आणि मोकळ्या केलेल्या जागेत महिन्याभरात दुप्पट तण उगवलं. व्हॉनी एवढंच म्हणाली की इंजिन उघडून ठेवून घरी गेलास होय रे. त्यानंतर त्याने तिच्या रांगेत काम केलं.

बँक्सियाच्या बुंध्याशी फावडं चालणार नव्हतं. तिथे त्याने कार्मेनाचा भात वाढायचा चमचा वापरला. वीत-दोन वीत काळी माती खरवडून काढल्यावर त्याला पहिल्यांदा ती मुळं दिसली, केसांसारखी बारीक, एकमेकांत गुंतून सतरंजीसारखी विणलेली. बरीचशी काळी पडून कुजली होती. झाडाच्या उतरत्या बाजूला मात्र थोडी पांढरी, जिवंत होती. सव्वीस वर्षं ज्याला जेवू घातलं त्याचं तोंड आज पाहिलं, असं तो घरी येऊन म्हणाला.

निघालेल्या मातीचं काय करायचं हा प्रश्न त्याच्या जिवाला लागला होता. माती कचऱ्यात जाणं त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. व्हॉनीने तोड सांगितली. काळ्या प्लॅस्टिकखाली उन्हाळाभर झाकून ठेवायची, आतल्या तणाच्या मुळ्या आणि बिया उन्हाने मरतात. मग ती माती साल्वूने एकचाकी गाडीतून चढावर ढकलत घरोघर पोचवली. शाळेच्या भाजीच्या वाफ्यांत गेली, म्हाताऱ्यांच्या आश्रमात गेली, ज्याला तो पाटीवरून बोलला होता त्या शेजाऱ्याच्या भोपळ्यांनाही गेली. त्या वर्षी रस्त्यातल्या निम्म्या घरांतून त्याच्या दारात टोमॅटो येऊन पडले. कार्मेना दर शनिवारी रिकोटा चीज भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्र्यांचा ट्रे घळीत पाठवायची. मंडळी म्हणायची की तण संपलं तर या पेस्ट्र्या बंद होतील, जरा हळू उपटा.

मोकळ्या झालेल्या वाळूत दुसऱ्या वसंतात कोणी न लावलेली रोपं उगवली. त्यांचं बी खालच्या मातीत कित्येक वर्षं पडून होतं. साल्वू झारी घेऊन निघाला, तर व्हॉनीने ती काढून घेतली.

"मग मी करू काय?"

"काही करू नकोस. तुला ते जड जाईल, मला माहीत आहे."

खरंच जड गेलं. कारण त्याच उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबरात, बँक्सियाने पानं टाकायला सुरुवात केली. आधी पश्चिमेची फांदी उघडी पडली, मग शेंडा. साल्वू रोज सकाळी खाली जायचा, हात खिशात घालून उभा राहायचा आणि परत यायचा. फेब्रुवारीत नगरपालिकेचा माणूस आला, खोड ठोकून पाहिलं आणि त्याला गुलाबी फीत बांधली. कुंपणाला इतकं जवळ वठलेलं झाड ठेवता येणार नाही, एप्रिलमध्ये पुन्हा बघू, जीव दिसला नाही तर कापू, असं अगदी नम्रपणे सांगून गेला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात साल्वूला खोडावर काहीतरी दिसलं. सालीच्या भेगांतून तांबूस, लवदार पुंजके बाहेर आले होते, बुरशीसारखे. त्याने बोट लावून पाहिलं तर मखमलीसारखं लागलं. आता हेही, असं त्याच्या मनात आलं. कुजणं खोडापर्यंत पोचलं, अशी त्याची खात्री झाली. त्याने व्हॉनीला फोन केला. ती स्वयंपाक टाकून आली. तो म्हणाला की बुरशी लागली आहे, मीच चमच्याने मुळं दुखावली असणार, आणि एप्रिलची वाट बघण्यात अर्थ नाही.

व्हॉनीने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक खोडाला लावून पाहिलं. एक पुंजका पाहिला, दुसरा पाहिला, मग मागच्या बाजूला जाऊन तिथलेही पाहिले. मग ती तिथेच वाळूत बसली.

"साल्वू, ही पानं आहेत रे. कोवळी असताना अशीच असतात."

तोही तिच्याशेजारी बसला. मग साल्वू म्हणाला, "त्या पहिल्या दिवशी तू भीड धरून गप्प राहिली असतीस तर मी हेही झाड मारलं असतं. तुझे उपकार कसे फेडू?"

"गप्प राहणारच होते," व्हॉनी म्हणाली. "एवढ्या लांबून गाडी ढकलत आणली होतीस तू. तुझा चेहरा बघून बोलायचा धीर होत नव्हता."

वरून कुंपणाशी येऊन कार्मेनाने विचारलं की तुम्ही दोघं असे जमिनीवर का बसलात, काय झालं. साल्वूने पुन्हा खोडाकडे बघून पुंजके मोजले.

"चौदा ठिकाणी," तो म्हणाला. "चौदा ठिकाणी पानं फुटली आहेत."