साहेबांच्या घरचा मिक्सर

भात रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलात घसरून माझं मनगट मोडलं. ते जुळलं, पण वरवंटा काही ओढवत नव्हता. बिरसीला राहणाऱ्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांच्या बाईंकडून मी जुना मिक्सर घेतला. घरी न विचारता घेतलेली ही माझी पहिलीच वस्तू.

आमच्या घरात अंडंही चालत नाही. सासूबाईंनी मिक्सर अंगणातच थांबवला.

"लोकायच्या घरचा हाये. काय काय वाटलं असन त्यात. धुतल्याबिगर चुलीजवळ नको आनू."

त्यांनी स्वतःच चिंच आणि राख लावून तो घासला, वरून दोन बादल्या पाणी ओतलं. भांडंही धुतलं, खालचा मोटारीचा डबाही. मी कपड्याने पुसून बटण दाबलं आणि मीटरजवळचा खटका पडला. घरभर अंधार, पंखा बंद.

"मिक्सर आनला का भूत आनलं?" नवरा म्हणाला.

खटका वर केला, पुन्हा पडला. मी मिक्सर चौकातल्या लाइटवाल्याकडे नेला. त्याच्याकडे कामं होती. दोन दिवस मिक्सर दुकानापुढे उन्हात पडून होता. मग त्याने माझ्यासमोर लावून दाखवला.

"चल तो रहा है, भाभी. कुछ नहीं हुआ इसको."

घरी आणला. दुकानात दहा जणांचे हात लागले म्हणून सासूबाईंनी तो पुन्हा धुतला. लावला, तर खटका पडला. दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून पाहिला, तिथेही तेच. तिकडे चालतो आणि आमच्याच घरी का चालत नाही, हे मला कळेना. घराची वायर खराब म्हणावी, तर टीव्ही चालत होता. माझ्याच हातात काही असेल असंही वाटून गेलं, म्हणून एकदा नवऱ्याला बटण दाबायला लावलं. खटका पडलाच.

"साहेब हायेत अजून बिरसीला. रविवारी परत देऊन येतो," तो म्हणाला.

शनिवारी मी परत दुकानात गेले. या वेळी त्याने लगेच खालचा डबा खोलला. आतून राखेचं मळकं पाणी टेबलावर सांडलं.

"भाभी, इसको नहलाया क्या?"

दुकानात आणखी दोन माणसं उभी होती. मी म्हणाले, "नाही." का म्हणाले, मला अजून कळलेलं नाही. त्याने फडका मारून मोटार पुसली, वाळवली आणि दुपारी मिक्सर दिला.

पहिल्यांदा तो दुकानापुढच्या उन्हात वाळला, म्हणूनच तिथे चालला होता. वाटेत मी विचार करत होते, आता धुवायला सासूबाईंना नको कसं म्हणायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना कशालाच नको म्हटलेलं नाही. अंगणात त्यांनी बादली भरूनच ठेवली होती.

"दुकानवाल्यानं धुवून देला," मी म्हणाले.

"कायनं धुतला त्यानं?"

"साबणानं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मिक्सरच्या खालच्या डब्याकडे पाहिलं आणि बादली बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "लाव मंग."

भिजवलेली उडदाची डाळ एका दमात वाटून झाली. पंखा फिरतच होता.

रविवारी नवऱ्याने मिक्सरसाठी पिशवी काढली. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "राहू दे. चालते आता."

त्या दिवसापासून त्या फक्त भांडं धुतात. खालच्या डब्याला पाणी लावत नाहीत, आणि का लावत नाहीत ते सांगतही नाहीत. त्यांना काय कळलं, कधी कळलं, हे विचारायला माझी जीभ वळत नाही.