वाऱ्याच्या नावाचा चौकोन

“चित्रात मोकळी जागा दिसली, की लोकांना वाटतं तिथं काहीच घडत नाही,” मुजीब एकदा म्हणाला होता.

चित्रं काढणं हाच त्याचा धंदा. धाराशिवच्या एका लहानशा कंपनीत तो सॉफ्टवेअरचे आराखडे करतो. कॉम्प्युटरवर चौकोन काढायचा, त्यात एक काम लिहायचं, खाली ते कोण करणार त्याचं नाव, आणि बाण ओढून पुढच्या कामाला जोडायचं. त्यावरूनच कामगारांच्या मोबाईलवर हुकूम जातात: हे झालं, आता हे करा. पस्तिशीपर्यंत त्यानं दवाखान्यांच्या रांगा, दूध डेअऱ्या, तुळजापूरच्या लॉजची बुकिंगं चौकोनांत बसवली. कुणाचं काही बिघडलं नाही.

मग तेरखेड्याबाहेरच्या एका फटाक्यांच्या कारखान्याचं काम आलं. तिथं त्याची खाला, म्हणजे मावशी, अन्वरी, बावीस वर्षं दारूच्या मसाल्याच्या गोळ्या वळते. मुजीब दोन दिवस तिच्याशेजारी बसून लिहीत राहिला. मसाला कालवणं. गोळ्या वळणं. नळ्या भरणं.

“वळल्यावर लगेच भरता, खाला?”

“लगेच कसं? दोन दिवस सावलीत.”

“तेव्हा तुम्ही काय करता?”

“काय न्हाय. हात लावत न्हाय. लई मोठं काम हाय बाबा ते!” ती हसली. मग एक गोळी तिनं त्याच्या मनगटाला टेकवली. “गार लागली? वली हाय. ही नळीत गेली तर आतल्या आत तापती. मग फुटायला कुणाला इचारत न्हाय.”

त्यानं चौकोन काढला: वाळणे. नावाची जागा कोरी ठेवली, तर चौकोन लाल झाला. नावाशिवाय काम पुढं सरकेना. शेवटी त्यानं लिहिलं: वारा.

आराखडा दाखवायच्या दिवशी मालक रणधीर पडद्यासमोर बसले. दिवाळीला तीन आठवडे होते. बेंबळीहून टेम्पोनं नव्या बाया आल्या होत्या.

“वारा? ह्यो कुठल्या पाळीला येतो, मुजीबभाई? आधार कार्ड घेतलंय का त्याचं?”

शेजारी बसलेली मुजीबची सहकारी दीपालीही हसली.

“तेवढा राहू द्या, मालक. दोन दिवस थांबावंच लागतं,” मुजीब म्हणाला.

“बायांना ठाऊक हाय की.”

“जुन्यांना. नव्या बाया मोबाईलवर येईल तेच करणार. तुम्हीच बजावलंय त्यांना.”

“माणूस न्हाय, काम न्हाय, त्याला चौकोन कशाला?”

रणधीर यांनी माउस ओढून घेतला. चौकोन गेला. असा चौकोन गेला, की दोन्हीकडचे बाण तो प्रोग्राम आपणच जोडून टाकतो. ‘गोळ्या वळणे’ सरळ ‘नळ्या भरणे’ला जाऊन भिडलं. कोपऱ्यात हिरवी अक्षरं उमटली: आराखड्यात चूक नाही.

“बघा, मशीनला बी पटलं. करा चालू.”

“मी करणार नाही.”

रणधीर दीपालीकडं वळले. “म्याडम, तुमच्याकडनं होतंय का?”

“होतंय,” ती हळूच म्हणाली. तिनं मुजीबकडं न बघता बटण दाबलं.

समोर गोळ्या वळायच्या शेडच्या दाराबाहेर फळीवर ठेवलेले मोबाईल एकामागून एक वाजले. एक नवी बाई बाहेर आली, हुकूम वाचून परत आत गेली. मग ओल्या गोळ्यांचे ट्रे उचलल्याचे आवाज येऊ लागले.

मुजीब उठला. रणधीर त्याला काहीतरी विचारत होते. दार ढकलून तो ट्रे अडवायला शेडकडं निघाला.