कूलरच्या पत्र्यावरचे सण

भुसावळला आमच्या कूलरचं गवत बदलायला वर्षानुवर्षं एकच चाचा येतात. तोंडात स्क्रू धरलेले असतात, त्यामुळे बोलणं बेताचं. उकाडा सोसवेना झाला की मी फोन करतो. काम झाल्यावर ते पत्र्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने जवळचा सण कोरतात. सण गेल्या वर्षीचाच असेल तर कोरत नाहीत. सगळ्यात वर 'रामनवमी' आहे, त्याखाली 'पाडवा', मग 'होळी'.

"ईद का नाही लिहीत?" मी एकदा विचारलं.

त्यांनी स्क्रू काढले. "आमची ईद दरवर्षी सरकते, भाऊ. तुमचे सण जागेवर असतात."

यंदा त्यांनी 'शिवरात्र' कोरलं. खाली उरलेल्या जागेवर बोटं ठेवून पाहिली.

"संक्रांत बसेल," म्हणाले, आणि खिळा खिशात टाकला.