कोरा रकाना

गटार तुंबून शेजारच्या लीलाकाकूंच्या स्वयंपाकघरात पुन्हा घाण पाणी शिरलं, तेव्हा मी त्यांच्यासोबत पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेले. कारकुनाने तक्रार लिहून घेतली. काकूंच्या पायांवर उठलेले चट्टे पाहून तो ओशाळला.

"काकू, आमच्या गल्लीतही हेच चाललंय. माझी आई दिवसभर पाय वर घेऊन खाटेवर बसलेली असते."

"मग तुम्ही कुणाला सांगता?"

त्याने वहीची मागची पानं उलटून स्वतःच्या नावाची तक्रार दाखवली. तिच्यापुढचा 'कार्यवाही'चा रकाना कोराच होता.

काकू भांडायच्या तयारीने आल्या होत्या. पण आता रागवायचं तरी कुणावर? उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "आईला जपा हो."