दादाची मूठ

दूध उतू जायच्या बेतात होतं. वेल्डर एका हातानं गॅस बारीक करत दुसऱ्या हातानं शर्टाची बटणं लावत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, लाथच ती. बायको दारापर्यंत पोचायच्या आत कडी उचकटली, दार भिंतीवर आपटलं आणि त्याचा थोरला भाऊ आत आला. हातात ट्रकची चाकं खोलायचा पाना.

दादा ट्रक ड्रायव्हर. धाकट्याचं दर आठवड्याला पिशवीभर रक्त काढतात, एवढंच आईनं त्याला फोनवर सांगितलं होतं. पुढचं त्यानं स्वतःच जुळवलं. रक्त विकलं जातंय, आणि विकणारी घरातलीच आहे.

"माझ्या भावाला पिळून खातेस?" म्हणत त्यानं भावजयीला दंडाला धरून असं भिरकावलं, की ती ओट्यावर आदळली आणि उकळतं दूध तिच्या हातावर सांडलं. वेल्डर मध्ये पडला. पाना त्याच्या भुवईवर बसला, डोळ्यात रक्त उतरलं.

एक काळ असा होता, की वेल्डरच्या वाटेला कुणी जात नसे. कारखान्यातल्या मुकादमाला त्यानं असा बडवला होता, की त्याचा जबडा तारेनं बांधावा लागला. विद्या वडिलांची. ते जेवता जेवता मारत, पोराचं डोकं ताटावर आपटलं तरी स्वतःचा घास थांबू देत नसत. पुढे यकृत सडून, पोटात पाणी होऊन गेले. लोक म्हणाले दारूनं गेले. त्या माणसानं थेंबही कधी घेतला नव्हता.

लग्नानंतर वेल्डरनं हात आवरला. अलीकडे तर थकव्यानंच तो आवरला जाई. हातोडा उचलला की धाप लागे. रक्त कमी असेल म्हणून दादा मायेनं लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या पाठवी. हा ते पिई आणि आणखी गळून जाई. शेवटी डॉक्टरीणबाईंनी बाटली हातातून काढून घेतली. लोह कमी नव्हतं, बेसुमार झालं होतं. कारखान्यातलं लोखंड अंगात शिरलं का, असं त्यानं विचारल्यावर त्या हसल्या. हे जन्माचं आहे, म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते असं. पेशीत एक पहारेकरी प्रथिन असतं. लोह कमी असलं, की साठवणीचे डबे बनवायच्या हुकमावर ते बसून राहतं, डबे बनू देत नाही. आणि लोह आत घेणारी दारं बनवायचा हुकूम मात्र जपून ठेवतं. लोह वाढलं की पहारेकरी उठतो. डबे भराभर बनतात, दारांचा हुकूम विरून जातो. पण याच्या शरीरात यकृताकडून आतड्याला जायचा 'पुरे' हा निरोपच निघत नव्हता. आतड्यानं घेतलेलं लोह तिथं न थांबता रक्तात निसटे. आतड्याच्या पेशी रिकाम्या, म्हणून तिथला पहारेकरी दुष्काळ समजून दारं वाढवत राही. आणि यकृताच्या, हृदयाच्या पेशी डबे करून करून थकत, उरलेलं लोह त्यांना आतून जाळी. रक्त काढलं, की नवं बनवायला साठा खर्ची पडतो. एवढाच उपाय. भावंडांनाही तपासायला सांगा, असं बाई दोनदा म्हणाल्या होत्या. पण दादाला आजारी म्हणायची कुणाची छाती?

आता तोच दादा पाना पुन्हा उगारत होता. वेल्डरनं कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि दांड्यानं दादाच्या मनगटावर हाणला. पाना खळ्ळकन पडला.

नळाखाली हात धरून बायको दातओठ खात म्हणाली, "भाऊजी, विकायचंच असतं तर गिऱ्हाईक तरी बघितलं असतं मी. ते रक्त ओतून देतात."

दादानं तिकडं लक्षच दिलं नाही. त्यानं भावाची गचांडी धरली, त्याला भिंतीवर आदळलं आणि मार न लागलेला दुसरा हात मागे नेला. वेल्डरचा हातोडाही वर गेला होता. दादाची कानशिलं समोरच होती.

ठोसा आला, पण तो चापटीसारखा सपाट. दादा स्वतःच कळवळला. वेल्डरनं तो हात हवेतच पकडला. अंगठ्याजवळच्या दोन बोटांची मुळं सुजलेली, बोटं मिटतच नव्हती. कातडी तांबूस काळी; सगळे म्हणत ट्रकवर उन्हानं रापलाय. वेल्डरची तीच दोन बोटं तशीच आखडलेली होती; लोह सांध्यांत साठलं की असं होतं, कातडीही काळवंडते, असं बाई म्हणाल्या होत्या. आणि वडीलही कधी ठोसा मारत नसत; मारत ते उघड्या पंजानं.

"कधीपासून वळत नाहीत?"

"स्टिअरिंग धरून धरून होतं तसं. सोड."

वेल्डरनं हातोडा ओट्यावर ठेवला, पण दादाचा हात सोडला नाही. भुवईतलं रक्त त्या दोघांच्या बोटांवर ठिबकत होतं.

"आधी हिचा हात दाखवायला दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला. "मग तिथंच, दादा, एकदा तुझं रक्त तपासून घे."