वाढत्या अंगाचं पोलकं

सत्तरच्या दशकात आमच्याकडे मुलीचे कपडे तिच्या मापाचे कधी शिवत नसत. ती पुढे जेवढी होईल तेवढे शिवत. जुन्या जालन्यातल्या शिंप्याला आई बजावायची, "वाढत्या अंगाचं शिवा बरं." तो परकराला आणि पोलक्याला खालून भलीमोठी दुमड घालायचा, आणि मी वर्षभर दुसऱ्या कुणाचे तरी कपडे मागून आणल्यासारखी हिंडायचे.

मी तिसरीत असताना पाठ वाकडी होऊ लागली. गल्लीत तज्ज्ञांची वाण नव्हतीच. एकीचं निदान होतं, पोरगी एकाच कडेवर घागर घेते. गुरुजी पाठीत धपाटा घालून "ताठ बस" म्हणायचे. त्यांच्या मते मणक्यांनाही शिस्तच हवी होती. शेवटी मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाकलेले मणके सळई घालून सांधावे लागतील, नाहीतर बाक वाढून फुप्फुसं दाबली जातील.

"मंग वाढंल का न्हाई पोरगी?" वडिलांनी विचारलं.

"हातपाय वाढतील. सांधलेली पाठ तेवढीच राहील."

आई नुसती मान हलवत होती.

ऑपरेशननंतर धडाला घातलेलं प्लास्टर निघालं तेव्हा मी खरोखरच थोडी उंच दिसू लागले, कारण वाकलेलं सरळ झालं होतं. झालं! मुंबईत पोरी उंच करून मिळतात, असं गल्लीने जाहीर करून टाकलं. एक काकू तर आपल्या बुटक्या लेकाला कधी नेऊ, म्हणून विचारून गेल्या. आईनेही डॉक्टरांचं बोलणं सोयीस्कर विसरून शिंप्याला पुन्हा तेच बजावलं.

पाय तेवढे इमानदार निघाले. परकराची दुमड दरवर्षी उसवावी लागायची, बाह्या तोकड्या पडायच्या. पोलक्याची दुमड मात्र कधीच उसवावी लागली नाही. आई म्हणायची, "येईल वाढ, दमानं येईल."

मी नववीत गेले, त्या दिवाळीला धाकट्या बहिणीला आखूड झालेलं पोलकं आईने माझ्या अंगाला लावून पाहिलं. लांबीला अगदी बेताचं बसलं. सगळ्या जगात थोरलीचं धाकटीला जातं, आमच्याकडे उलटी गंगा! मी तसं म्हणालेही. आई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी माप घेता घेता शिंप्याने सवयीने विचारलं, "वाढत्या अंगाचं ना, बाई?"

"न्हाई," आई म्हणाली. "बराबर मापाचं शिवा."

बाहेर पडल्यावर धान्याच्या दुकानांपाशी ती एकदम थांबली. "एखादं वरीस थांबता आलं असतं का, एवढं तरी त्या डॉक्टरला इचारायला पाह्यजे होतं मी."

"थांबलो असतो तर दम लागून मेले असते मी," मी फटकन म्हणाले. मला तिचा भयंकर राग आला होता आणि रडूही फुटत होतं.

"ते कळून राह्यलं गं मला," आई म्हणाली. "पण इचारलं न्हाई ना."